तिसऱ्या लिटराचं काय करायचं?

बोटीच्या इंजिनात तीन लिटर डिझेल जाळलं, तर ढोबळमानाने त्यातल्या एका लिटराचं काम पंख्यापर्यंत पोचतं. दुसऱ्या लिटराची उष्णता धुरावाटे निघून जाते. तिसऱ्याची उष्णता इंजिनाच्या लोखंडात उतरते. ती वेळच्या वेळी बाहेर काढली नाही, तर हेड तडकतं, पिस्टन जाम होतात आणि बोट भर खाडीत ओहोटीच्या स्वाधीन होते. हा तिसरा लिटर कुठे आणि कसा टाकायचा, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे.

ट्रकला ही सोय सोपी असते. समोर रेडिएटर, मागे पंखा आणि वर रस्त्यावरचा वारा. बोटीतलं इनबोर्ड इंजिन मात्र फळ्यांखालच्या बंद कोठीत बसलेलं असतं, आणि तिथली हवा त्याच्याइतकीच तापलेली असते. पण कोठीच्या तळाशी, लाकडाच्या किंवा फायबरच्या जेमतेम काही इंचांपलीकडे, न संपणारं पाणी आहे. ते पंपाने आत ओढायचं, सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरवायचं आणि परत समुद्रात सोडायचं, हे कुणालाही आधी सुचेल. तसंच सुचलं. ही रॉ वॉटर पद्धत.

दुसरा मार्ग जरा वळणाचा आहे. इंजिनात मोजकं गोडं पाणी कूलंट मिसळून कायमचं कोंडतात. ते सिलिंडरची उष्णता घेऊन एका नळकांड्यात येतं. त्या नळकांड्यात बारीक नळ्यांचा जुडगा असतो आणि नळ्यांतून समुद्राचं पाणी वाहत असतं. उष्णता त्याच्या हवाली करून गोडं पाणी पुन्हा इंजिनात जातं. दोन्ही पाणी शेजारून जातात, मिसळत मात्र नाहीत. हे नळकांडं म्हणजे हीट एक्स्चेंजर, आणि ही क्लोज्ड पद्धत.

नवी मुंबईच्या किनाऱ्यावर आज इंजिनांची जत्राच भरलेली दिसते. दिवाळे, करावे, सारसोळे, वाशीगाव, घणसोली इथल्या कोळ्यांच्या लहान होड्या, ऐरोलीहून फ्लेमिंगो दाखवायला निघणाऱ्या बोटी, फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूरच्या नव्या जेट्टीवरून सुरू झालेली वॉटर टॅक्सी, १९८९ पासून चालू असलेल्या न्हावा शेवा बंदरातले टग आणि पायलट लाँच, आणि त्याच्याही पलीकडे करंजाच्या मोठ्या मासेमारी नौका. करंजात बोटीची ओळखच मुळी ‘सहा सिलिंडरची’ अशी करून देतात. इतक्या तऱ्हांची इंजिनं एकाच पाण्यावर चालतात, आणि त्या पाण्याचा स्वभाव कुठल्याही परदेशी मॅन्युअलमध्ये लिहिलेला नसतो.

या पाण्यापासूनच सुरुवात करायला हवी.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला मोठा वाटा मिठाचा, आणि मीठ लोखंड खातं हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. खरी गोम मात्र उरलेल्या थोड्या क्षारांत, कॅल्शियमच्या क्षारांत आहे. मीठ किंवा साखर गरम पाण्यात अधिक विरघळते. कॅल्शियम कार्बोनेट आणि कॅल्शियम सल्फेट यांचं गरम पाण्यात उलट होतं. पाणी तापत जाईल तसे हे क्षार त्यातून बाहेर पडतात आणि तापलेल्या धातूवर बसतात. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर चढणारा पांढरा थर ज्यांनी खरवडला आहे, त्यांना हे नवं नाही. पण कॉइल बाहेर काढता येते. इंजिनाच्या वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीत, हात जात नाही. थर उष्णता अडवतो, त्याखालचं लोखंड आणखी तापतं, म्हणून थर आणखी चढतो. पाणी जिथे संथ असतं ते कोपरे आधी बुजतात. तापमान दाखवणारा काटा मात्र बराच काळ जागचा हलत नाही, कारण तो मुख्य प्रवाहातलं पाणी मोजतो, बुजलेला कोपरा नाही.

म्हणून रॉ वॉटरचं इंजिन मुद्दाम थंड चालवावं लागतं. त्याचा थर्मोस्टॅट साधारण ६० अंश सेल्सियसला उघडतो. क्लोज्ड पद्धतीत तो आकडा ८० च्या आसपास किंवा त्याहून वर असतो. वीस अंश ऐकायला थोडे वाटतात. पण डिझेल इंजिन थंड चाललं की ज्वलन अपुरं राहतं, काजळी धरते, वंगण हवं तितकं पातळ होत नाही आणि तेलात मुरलेलं पाणी उडून जात नाही. जुन्या पुस्तकांत याच्या जोडीला डिझेलमधल्या गंधकापासून होणाऱ्या आम्लाची मोठी भीती घातलेली असते. ती आता बरीच जुनी झाली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ दर्जाचं डिझेल आलं आणि त्यात दहा लाखांत दहा भागांपेक्षा जास्त गंधक चालत नाही. बाकीचे मुद्दे मात्र जसेच्या तसे उभे आहेत.

खारं पाणी आणि तापलेलं लोखंड यांचं भांडण मुंबईच्या पाण्यात डिझेलच्याही आधीपासून चालू आहे. १८२९ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या नौरोजी जमशेटजींनी ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधली. ऐंशी-ऐंशी अश्वशक्तीची दोन वाफेची इंजिनं असलेली ही बोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. एडन गाठेपर्यंत तिचा कोळसा संपत आला होता. त्या काळच्या समुद्रावरच्या आगबोटींच्या बॉयलरमध्ये खारंच पाणी भरत. उकळून उकळून ते दाट होई, क्षारांचा थर बसे, आणि तो फार वाढू नये म्हणून ठरावीक वेळाने बॉयलरमधलं उकळतं पाणी थोडं थोडं समुद्रात सोडून द्यावं लागे. त्या पाण्यासोबत ते तापवायला जाळलेला कोळसाही समुद्रातच जाई. १८३४ साली सॅम्युएल हॉल या इंग्रज संशोधकाने सरफेस कंडेन्सरचं पेटंट घेतलं. नळ्यांच्या एका बाजूला वाफ, दुसऱ्या बाजूला समुद्राचं पाणी. वाफेचं पुन्हा गोडं पाणी होऊन बॉयलरमध्ये परत. ही कल्पना बोटींवर सर्वत्र रुळायला पुढे काही दशकं गेली. आज इंजिनाच्या कडेला बसवलेलं हीट एक्स्चेंजरचं नळकांडं पाहिलं, तर कल्पना तीच आहे. महाग लोखंडाच्या पोटात गोडं पाणी ठेवायचं आणि खाऱ्याला बाहेरूनच रामराम करायला लावायचा.

याच तत्त्वाचा एक मोठा नमुना वाशीच्या समोर, खाडीच्या दुसऱ्या तीरावर आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली ‘सायरस’ अणुभट्टी १९६० पासून २०१० पर्यंत चालली. तिच्या गाभ्यातली उष्णता बंदिस्त गोडं पाणी घेई आणि हीट एक्स्चेंजरमध्ये ती समुद्राच्या पाण्याला देई. १९८५ मध्ये चालू झालेल्या ‘ध्रुव’मध्ये आणखी एक पायरी वाढली: आत जड पाणी, मध्ये शुद्ध केलेलं साधं पाणी आणि सर्वांत बाहेर समुद्राचं पाणी. आतली वस्तू जितकी मोलाची, तितकं खारं पाणी तिच्यापासून दूर. कोळ्याच्या होडीला अणुभट्टीचा थाट परवडणार नाही हे खरं. पण वर्षाची कमाई ज्या एका इंजिनावर अवलंबून आहे, ते त्या घरापुरतं तेवढंच मोलाचं असतं.

इथवर वाचून क्लोज्ड पद्धतीचा विजय झाला असं वाटेल. तसा तो झालाही आहे. आज विकली जाणारी बहुतेक इनबोर्ड डिझेल इंजिनं क्लोज्डच असतात. आपल्या किनाऱ्यावर वापरली जाणारी बरीचशी सागरी इंजिनं मुळात ट्रकच्या घराण्यातली. अशोक लेलँडचं उदाहरण सर्वांच्या ओळखीचं. रेडिएटरच्या जागी हीट एक्स्चेंजर आला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डभोवती पाणी फिरवलं, की रस्त्यावरचं इंजिन समुद्रावर काम करू लागतं. त्याच्या ब्लॉकचं ओतकाम खारं पाणी सोसायला केलेलंच नसतं, त्यामुळे तिथे दुसरा पर्यायही नाही.

पण क्लोज्ड या नावाने एक गैरसमज पसरतो, आणि मुख्यतः तो दूर करण्यासाठीच ही पुस्तिका आहे. इंजिन क्लोज्ड झालं म्हणजे खाऱ्या पाण्याशी संबंध संपला, असं अनेक मालक धरून चालतात. संबंध संपत नाही, फक्त जागा बदलते. तळाचा सी-कॉक, त्यापुढची जाळी, रबरी इंपेलरचा पंप, नळ्यांचा जुडगा, शेवटी एक्झॉस्टमध्ये मिसळून बाहेर पडणारी धार, ही सगळी खाऱ्या पाण्याची वाट क्लोज्ड इंजिनातही शाबूत असते. आणि ठाणे खाडीत बहुतेक गोष्टी याच वाटेवर बिघडतात.

ही खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. उत्तरेला ती एका चिंचोळ्या वाटेने उल्हास नदीच्या खाडीशी जोडलेली, दक्षिणेला मुंबई बंदराकडे उघडलेली. उधाणाला इथे भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या जवळ जातो. इतकं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होतं तेव्हा तळचा चिखल ढवळला जातो, आणि ओहोटीला बोटींना चालायला मधली अरुंद धार तेवढी उरते. काठावर तिवरं आणि गाळ. हाच गाळ या खाडीचं वैभव आहे. २०१५ मध्ये तिचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत तिचं नाव आलं. ज्या गाळावर फ्लेमिंगोंची पोटं भरतात, तोच गाळ इंपेलरच्या रबराची पाती घासून काढतो. त्यात फ्लेमिंगोंचा दोष नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. पिशवी तळाच्या तोंडावर चिकटली की पंप कोरडा पडतो, आणि पाण्यावाचून फिरणारा रबरी इंपेलर मिनिटाभरातही जळू शकतो. तुटलेल्या पात्यांचे तुकडे पुढे वाहत जाऊन हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत अडकतात. नवा इंपेलर बसवला तरी इंजिन तापतच राहतं आणि मेकॅनिक थर्मोस्टॅटला दोष देतो. जुन्या इंपेलरची पाती मोजायची आणि जितकी कमी भरतील तितके तुकडे शोधून काढायचे, हा नियम तिसऱ्या प्रकरणात ठळक अक्षरांत छापला आहे. तो तसा छापण्याजोगाच आहे.

दुसरी अडचण तापमानाची. हीट एक्स्चेंजर उष्णता टाकतो तो आतल्या आणि बाहेरच्या पाण्यातल्या फरकावर. नॉर्वेच्या दहा-बारा अंशांच्या पाण्यात ज्याचं भागतं, ते एप्रिल-मे महिन्यांत ऐरोलीच्या उथळ पाण्यात भागेलच असं नाही. जहाजांची तपासणी करणाऱ्या संस्था यासाठी समुद्राचं पाणी ३२ अंश आणि इंजिनरूमची हवा ४५ अंश धरून यंत्रसामग्री पारखतात. जुनं परदेशी इंजिन विकत घेताना हे दोन आकडे विचारणारा ग्राहक विरळाच. परदेशी पुस्तकं उलट पानंच्या पानं भरून सांगतात की हिवाळ्यात पाणी गोठून ब्लॉक फुटू नये म्हणून काय करावं. बेलापूरला त्या पानांचा उपयोग शून्य. इथे कूलंट घालायचं ते गंज रोखण्यासाठी आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवण्यासाठी. गोठत नाही म्हणून नुसतं नळाचं पाणी भरून काम भागवणाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आपला हिवाळा म्हणजे पावसाळा. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. होड्या वर ओढतात, शाकारतात, जाळी विणायला बसतात. हे दोन महिने इंजिनाला विश्रांतीचे वाटतात. रॉ वॉटरच्या इंजिनाला ते सर्वांत वाईट असतात. इंजिन चालू असतं तोवर पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात. ते बंद पडलं, पाणी अर्धं ओसरलं, की खारट ओल आणि हवा एकाच वेळी लोखंडाला मिळतात, आणि गंजाला याहून जास्त काही लागत नाही. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्याच फेरीत ‘अचानक’ तापलेल्या इंजिनांपैकी अनेकांची कहाणी जूनमध्येच सुरू झालेली असते. शेवटच्या फेरीनंतर गोड्या पाण्याने इंजिन धुऊन काढणं हा त्यावरचा उपाय. एक पिंप, एक नळी आणि थोडा वेळ एवढंच त्याला लागतं. आउटबोर्ड वापरणाऱ्यांना ही सवय जास्त असते, कारण बहुतेक आउटबोर्ड रॉ वॉटरवरच चालतात. क्लोज्ड इंजिनाच्या मालकांनीही खाऱ्या बाजूपुरतं हेच करायचं. शिवाय इंपेलर काढून ठेवायचा, म्हणजे दोन महिने एकाच जागी दबून त्याची पाती वाकडी होत नाहीत, आणि जस्ताचा अॅनोड तपासायचा. तांबं, लोखंड आणि खारं पाणी एकत्र आले की त्यांच्यात वीज खेळते आणि एक धातू झिजतो. जस्त तिथे आपण होऊन झिजायला ठेवलेलं असतं. अॅनोड जसाच्या तसा चकचकीत राहिला असेल तर आनंद मानू नये, तो बहुधा कामच करत नाही.

मग रॉ वॉटरचं जुनं इंजिन क्लोज्ड करून घ्यावं का? हा प्रश्न जेट्टीवर सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर विक्रेता नेहमी होय असंच देतो. इथे जरा थांबावं. बरीच वर्षं खारं पाणी प्यायलेल्या ब्लॉकमध्ये थर असतो, गंज असतो, आणि कधी कधी त्या गंजानेच बारीक भोकं बुजवून धरलेली असतात. त्यात गोडं पाणी, कूलंट आणि दाबाचं झाकण आलं की दडलेलं सगळं उघडं पडतं. शिवाय आतला थर तसाच ठेवून थर्मोस्टॅट ८० चा बसवला, तर बुजलेले कोपरे पूर्वीपेक्षा अधिक तापतात. नवं किंवा एक-दोन मोसम चाललेलं इंजिन असेल तर बदल जरूर करावा. म्हातारं इंजिन असेल तर हेड उघडून आत पाहिल्याशिवाय एक रुपयाही घालू नये.

तिसरी एक पद्धत आहे आणि तिला या पुस्तिकेत अपेक्षेपेक्षा जास्त जागा मिळाली आहे. ती म्हणजे कील कूलिंग. यात इंजिनातलं गोडं पाणीच नळ्यांवाटे बोटीच्या तळाबाहेर नेतात. खाडीच्या पाण्यात बुडलेल्या त्या नळ्यांतच ते थंड होतं आणि परत येतं. खारं पाणी बोटीत शिरतच नाही. म्हणजे सी-कॉक नको, जाळी नको, रबरी इंपेलर नको. गाळ बाहेर, पिशवी बाहेर. एक्झॉस्ट मात्र कोरडा राहतो, म्हणून धुराड्याला नीट आवरण घालावं लागतं. टग, ड्रेजर अशा गढूळ पाण्यात राबणाऱ्या बोटींवर ही पद्धत जगभर वापरतात. वेगाने उडणाऱ्या बोटींना ती सोयीची नाही. तळाबाहेरच्या नळ्या पाण्याला अडतात. खाडीतल्या होड्यांची खरी अडचण वेगळी आहे. ओहोटीला होडी चिखलावर टेकते, कलते, आणि नळ्या दबण्याची भीती असते. मुख्य कण्याच्या कुशीत, दोन फळ्यांच्या आडोशाला नळ्या बसवल्या तर ती बरीच कमी होते. नळ्यांवर चिकटणारे शंखशिंपले वेळोवेळी खरवडावे लागतात, पण होडी चिखलावर टेकलेलीच असते तेव्हा ते काम गोदीत न जाताही होतं. सावकाश चालणाऱ्या, सरळ साध्या लाकडी किंवा फायबरच्या होडीसाठी ठाणे खाडीत कील कूलिंगचा विचार आज होतो त्याहून कितीतरी जास्त व्हायला हवा.

खर्चाचं गणित प्रत्येकाने आपलं आपण मांडायचं आहे, कारण पंपाची किंमत आणि मेकॅनिकची मजुरी दर मोसमाला बदलते. निवाडा मात्र देता येतो. ठाणे खाडीत नवं इनबोर्ड इंजिन बसवायचं असेल तर क्लोज्डच घ्यावं. होडी संथ असेल तर हीट एक्स्चेंजरच्या आधी कील कूलिंगची चौकशी करावी. रॉ वॉटर फक्त त्या लहान, स्वस्त इंजिनाला, ज्याला गोड्या पाण्याने धुणारा माणूस घरातच आहे.

वाचकाला एक विनंती. पहिलं प्रकरण उघडण्याआधी आपल्या इंजिनाचा थर्मोस्टॅट काढून त्यावर कोरलेला आकडा कागदावर उतरवून ठेवावा. पुढच्या प्रकरणांतले तापमानाचे सर्व तक्ते त्या आकड्याशी ताडून पाहायचे आहेत.